वणवा, वनखाते आणि एक चिमणा पक्षी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ओ सेबल नावाची नदी आहे. १९०३ च्या उन्हाळ्यात या नदीवर मासे धरायला गेलेल्या दोघा तरुणांना काठच्या खुरट्या पाइनच्या रानात एका अनोळखी पक्ष्याचे गाणे ऐकू आले. त्यांनी तो पक्षी मारला आणि ॲन आर्बर येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणून दिला. (त्या काळी पक्षी ओळखण्याची रीतच ती होती, दुर्बिणीच्या आधी बंदूक हाती येई.) संग्रहालयातली मंडळी नमुना पाहून चकित झाली. हा पक्षी विज्ञानाला १८५१ पासून ठाऊक होता. ओहायओ राज्यातले डॉक्टर जेरेड कर्टलंड यांच्या क्लीव्हलंडजवळच्या शेतावर तो हाती लागला होता आणि पुढच्याच वर्षी स्पेन्सर बेअर्ड या शास्त्रज्ञाने त्याला कर्टलंडांचे नाव दिले होते. पुढे हिवाळ्यात तो बहामा बेटांवर सापडू लागला. पण उन्हाळ्यात तो जातो कोठे आणि अंडी घालतो कोठे, याचा पत्ता पन्नास वर्षे कोणालाच लागला नव्हता. पेंढा भरून पक्ष्यांचे नमुने तयार करण्याचे काम करणारे नॉर्मन वुड संग्रहालयातून तातडीने निघाले. नदीकाठची राने त्यांनी पायाखाली घातली आणि ८ जुलै १९०३ रोजी त्यांना या पक्ष्याचे पहिले घरटे दिसले. घरटे जमिनीवर होते, एका पाइनच्या आडोशाला, गवताखाली झाकलेले.

आपल्याकडच्या पक्षिमित्रांनी याला 'कर्टलंडचा वटवट्या' म्हणायला हरकत नाही. पाठ निळसर करडी, पोट पिवळे, वजन सव्वा तोळ्याच्या आसपास. एवढ्याशा जिवाच्या घरट्याची हकीकत दिवाळी अंकाच्या वाचकांनी कशासाठी वाचायची, असा प्रश्न कोणालाही पडेल. या घरट्याच्या इतिहासात वनखात्याच्या एका फार मोठ्या कल्पनेचा इतिहास गुंतलेला आहे आणि त्या कल्पनेचा एक धागा ब्रह्मदेश, कलकत्ता आणि मध्य प्रांतातून गेलेला आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी पक्ष्याची आवड पाहू. त्याला जंगल लागते, पण कोणतेही जंगल चालत नाही. जॅक पाइन नावाचे एक खडबडीत, लाकूडतोड्यांनी कधी फारसे न नावाजलेले झाड आहे. त्याचेच रान त्याला लागते, तेही रेताड जमिनीवरचे. रेतीत पावसाचे पाणी चटकन मुरते आणि जमिनीतले घरटे बुडत नाही. झाडे पाच ते वीस वर्षांच्या आतबाहेरची हवीत. पाच वर्षांची झाडे साधारण माणसाच्या उंचीला येतात, त्यांच्या खालच्या हिरव्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात आणि त्या फांद्यांच्या पदराखाली घरटे लपते. झाडे वीस वर्षांची झाली की वरचा पाला एकमेकांत मिसळतो, खाली ऊन पोचत नाही, खालच्या फांद्या वाळून जातात. मग पक्षी ते रान सोडतो. पन्नास वर्षांचे जॅक पाइनचे रान माणसाच्या डोळ्यांना कितीही भरदार दिसो, या पक्ष्याच्या लेखी ते ओसाडच. शिवाय रान सलग आणि मोठे हवे. ऐंशी एकरांहून लहान तुकड्यात तो सहसा बिऱ्हाड करीत नाही. थोडक्यात, त्याला जागेपेक्षा जागेचे वय महत्त्वाचे वाटते. त्या वयाचे रान एका ठिकाणी दहापंधरा वर्षेच टिकते, तेव्हा त्याला सतत नवे घर शोधत राहावे लागते.

ते नवे घर येते कोठून? याचे उत्तर जॅक पाइनच्या बोंडात आहे. या झाडाची बोंडे राळेने चिकटून बंद झालेली असतात आणि वर्षानुवर्षे तशीच फांदीवर राहतात. पन्नास अंशांच्या आसपासची उष्णता लागली की राळ वितळते, बोंड उमलते आणि बी खाली पडते. बहुतेक वेळा अशी उष्णता रानात एकाच गोष्टीने येते, ती म्हणजे वणवा. आग लागते, जुने रान जळते, राखेवर बी पडते आणि शेकडो, कधी हजारो एकरांवर एकाच वयाची रोपे उठतात. पाचसहा वर्षांनी तेथे कर्टलंडचा वटवट्या येतो. विजेने लागलेल्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगींमागून हा पक्षी शेकडो वर्षे असाच रानोरान फिरत आला असणार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनच्या जंगलांवर कुऱ्हाड पडली. जॅक पाइनला त्या काळी कोणी विचारीत नव्हते. पांढऱ्या पाइनचे उंच, सरळ सोट वृक्ष तोडून त्यांच्या फळ्यांवर अमेरिकेतली शहरे उभी राहिली. तोडीनंतर फांद्याशेंड्यांचे ढीग रानातच पडून राहत आणि उन्हाळ्यात पेट घेत. ८ ऑक्टोबर १८७१ या एकाच दिवशी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात पेश्टिगो हे गाव जळाले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. त्याच दिवशी मिशिगनमध्येही वणवे भडकले होते आणि शिकागो शहराला लागलेली प्रसिद्ध आगही त्याच दिवसाची. १८८१ मध्ये मिशिगनमध्ये पुन्हा मोठा वणवा झाला. माणसाच्या हावेने पेटलेल्या या आगींच्या मागून मात्र जॅक पाइनची कोवळी राने पसरली. १८८० ते १९०० या काळात कर्टलंडचा वटवट्या बहुधा सर्वांत जास्त संख्येने असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. जंगल लुटणाऱ्यांच्या हातून त्याचे भले झाले, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण तसे झाले खरे. त्या लुटीची दुसरी बाजू पुढे येणारच आहे.

आता कलकत्त्याकडे वळू. डीट्रिश ब्रांडिस हे जर्मनीतल्या बॉन शहरचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ मध्ये ते ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात सागाच्या जंगलांचे अधिकारी म्हणून आले आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. आपल्या देशातले वनखाते त्यांनी उभे केले. राखीव जंगल, त्याच्या सीमा, तोडीचा हिशेब, ठरावीक वर्षांचे आवर्तन ही सारी भाषा त्यांच्या काळात रुळली. या व्यवस्थेत आगीला जागा नव्हती. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी जाळरेषा काढून, पहारे बसवून वणवा रोखून दाखवला आणि तो प्रयोग साऱ्या हिंदुस्थानात नमुना म्हणून मिरवला गेला.

आपल्या भागातल्या वाचकांना या धोरणाची झळ ऐकून तरी माहीत असेल. खानापूर, सुपे, हल्याळकडच्या डोंगरात कुणबी मंडळी रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेवर नाचणी पेरीत आणि एकदोन पिकांनंतर तो तुकडा पुन्हा रानाला सोडून देत. ही कुमरी शेती. सरकारी कागदांत कुमरी म्हणजे जंगलाचा नाश एवढेच तिचे वर्णन उरले आणि एकोणिसाव्या शतकात तिच्यावर बंधनामागून बंधन येत गेले. कुमरी निर्दोष होती असे मला म्हणायचे नाही. लोकसंख्या वाढल्यावर आणि पडीक काळ कमी झाल्यावर तिने डोंगर उघडे पडत, हेही खरे आहे. पण आग म्हणजे अपराध हे समीकरण तेव्हा जे मांडले गेले, त्याची तपासणी करण्याची गरज फार थोड्यांना वाटली. अशा थोड्यांपैकी एक होते ब्रह्मदेशातले वनाधिकारी स्लेड. १८९६ मध्ये 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून ब्रह्मदेशात आगीपासूनचे संरक्षण अती होत आहे असे बजावले. आग थांबवल्यामुळे सागाच्या रोपांना इतर झाडोरा दाबून टाकतो, असा त्यांचा मुद्दा होता. वनखात्याच्या आतून आलेला हा आवाज वरिष्ठांना फारसा मानवला नाही.

ब्रांडिस १८८३ मध्ये निवृत्त होऊन बॉनला परतले. तेथे १८८९ मध्ये गिफर्ड पिंशो नावाचा एक श्रीमंत घरचा अमेरिकन तरुण त्यांना भेटायला आला. त्याला वनशास्त्र शिकायचे होते आणि त्याच्या देशात ते शिकवणारी एकही संस्था नव्हती. ब्रांडिसांनी त्याला फ्रान्समधल्या नान्सी येथील वनविद्यालयात धाडले आणि पुढेही पत्रांतून त्याला मार्गदर्शन केले. हेच पिंशो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख झाले. हिंदुस्थानात वनखाते कसे उभारले गेले याचा धडा त्यांनी गुरूकडून प्रत्यक्ष घेतला होता. अमेरिकेतल्या अग्निविरोधाचे सारे श्रेय वा अपश्रेय ब्रांडिसांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. पेश्टिगोची राख त्या देशाने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि माँटाना राज्यांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले आणि ८५ माणसे मेली. त्यानंतर वणव्याशी युद्ध हाच वनसेवेचा धर्म झाला. १९३५ मध्ये नियम निघाला की कोठेही लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. १९४४ पासून टोपी घातलेले एक अस्वल भित्तिपत्रकांवरून मुलांना वणवा न लावण्याची विनंती करू लागले. आपल्या शाळांच्या भिंतींवरही 'वणवा टाळा' म्हणणारी चित्रे लागतात आणि ती लावण्यात चूक काही नाही.

मिशिगनच्या रेताड रानात या शिस्तीचा परिणाम संथपणे झाला. आगी लहान होत गेल्या, झाडे मोठी होत गेली. बोंडे बंदच राहिली. कोवळ्या जॅक पाइनचे सलग पट्टे कमी कमी होऊ लागले. जंगल नाहीसे झाले नव्हते. उलट कोणत्याही अहवालात ते 'सुधारले' असेच दिसले असते.

१९५१ मध्ये पक्षिप्रेमींनी एक धाडसी गोष्ट केली. एका जातीचे सगळे पक्षी मोजायचे ठरवले. नर मोठ्याने गातो आणि त्याचे वावरण्याचे क्षेत्र थोडे, म्हणून हे शक्य होते. या कामाचे सूत्रधार हॅरॉल्ड मेफील्ड. ते टोलेडो शहरातल्या एका काच कारखान्याचे अधिकारी, व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हेत. पण घरट्यांतली किती पिले उडेपर्यंत जगतात हे काढण्याची त्यांनी १९६१ मध्ये सुचवलेली रीत आजही जगभर 'मेफील्ड पद्धत' म्हणूनच शिकवली जाते. हौशी माणसाने केलेले असे काम पाहिले की मला आपल्याकडच्या जुन्या इतिहाससंशोधकांची आठवण होते; त्यांतलेही कित्येक पोटासाठी दुसरीच कामे करीत.

१९५१ ची मोजणी भरली ४३२ गाणारे नर. १९६१ मध्ये ५०२. आणि १९७१ मध्ये २०१.

दहा वर्षांत निम्म्याहून अधिक पक्षी गेले. दोषी कोण? एक संशयित समोरच होता. काऊबर्ड नावाचा पक्षी आपल्या कोकिळेप्रमाणे दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. तो मुळात गवताळ मैदानांवरच्या बायसनच्या कळपांमागे फिरणारा. मिशिगनचे जंगल तोडून शेते झाली तेव्हा तो तेथे आला. मघाशी म्हटलेली लुटीची दुसरी बाजू ती हीच. १९६० च्या दशकाअखेर कर्टलंडच्या वटवट्याच्या दहातल्या सुमारे सात घरट्यांत काऊबर्डचे अंडे सापडत होते. १९७२ पासून सापळे लावून दरवर्षी हजारो काऊबर्ड मारले जाऊ लागले आणि परक्या अंड्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले. पिले वाढू लागली. तेव्हा संख्या वाढायला हवी होती.

ती वाढली नाही. १९७४ मध्ये १६७ नर. मग पंधरा वर्षे आकडा दोनशेच्या आसपास घुटमळत राहिला. १९८७ मध्ये पुन्हा १६७. घसरण थांबली, पण चढ येईना. वाढलेल्या पिलांनी पुढच्या वर्षी परत येऊन राहायचे कोठे? पाच ते वीस वर्षांचे रानच पुरेसे नव्हते. अभ्यासकांच्या ध्यानात ही गोष्ट आधीच आली होती. मिशिगन राज्याने १९५७ च्या सुमारास या पक्ष्यासाठी जमिनीचे तीन तुकडे राखून ठेवले होते आणि १९६२ मध्ये ह्युरॉन राष्ट्रीय वनातही चार हजार एकर बाजूला काढले गेले होते. तेथे जुने रान तोडून, मुद्दाम आग लावून नवे उगवायचे, असा बेत. गाणाऱ्या एका लहानग्या पक्ष्यासाठी जंगल जाळण्याची परवानगी वनखात्यानेच द्यावी, ही त्या काळात केवढी उलथापालथ असेल! पण हे तुकडे गरजेच्या मानाने फार लहान होते.

मग ५ मे १९८० चा दिवस उजाडला. मायो गावाजवळ मॅक लेक परिसरात वनसेवेच्या माणसांनी या पक्ष्यासाठीच सुमारे दोनशे एकरांची एक आग सकाळी लावली. हवा कोरडी होती, वारा वाढला. दुपारच्या सुमारास ठिणग्या रस्ता ओलांडून पलीकडच्या रानात पडल्या आणि आग हाताबाहेर गेली. काही तासांतच तिने वीस हजार एकर गिळले. एकूण क्षेत्र चोवीस हजार एकरांवर गेले. ४४ घरे व इमारती जळाल्या. वनसेवेचा एक तरुण कर्मचारी आगीशी झुंजताना मरण पावला.

या घटनेकडे पक्ष्यांच्या बाजूने पाहण्याची घाई करू नये असे मला वाटते. ज्यांची घरे गेली त्यांनी 'एका चिमणीपायी' म्हणून संताप केला असेल तर तो समजण्यासारखा आहे. त्या दिवशी ती आग लावायला नको होती. मुद्दाम आग लावण्याचा मार्ग त्यानंतर जवळजवळ सोडून द्यावा लागला.

आणि तरीही, त्या चोवीस हजार एकरांतल्या राखेवर जॅक पाइनची बोंडे उमलली. १९८० मध्ये उठलेली रोपे दशकाच्या अखेरीस वयात आली. १९९० पासून मोजणीचा आकडा चढू लागला आणि त्या चढात मॅक लेकच्या जळक्या रानाचा वाटा फार मोठा होता. १९९५ मध्ये मिशिगनच्या उत्तर भागात, सरोवरापलीकडे, पहिल्यांदाच घरटी सापडली. १९७६ च्या आराखड्यात ठेवलेले एक हजार जोड्यांचे उद्दिष्ट २००१ मध्ये गाठले गेले. २०१२ मध्ये आकडा दोन हजारांवर गेला. काऊबर्डचे सापळे चालू होतेच आणि त्यांच्याविना हे झाले नसते. पण आधीची पंधरा वर्षे सापळे होते आणि वाढ नव्हती, हे विसरून चालत नाही. बदलले होते ते रानाचे वय.

आग लावता येत नाही आणि आगीनंतरचे रान तर हवे, या पेचातून वनखात्याने जो मार्ग काढला तो मोठा व्यवहारी आहे. जॅक पाइनचे रान पन्नास वर्षांचे झाले की सरसकट तोडायचे, लाकूड विकायचे आणि त्याच जागी दाट रोपे लावायची. रोपांच्या ओळी लाटेसारख्या वळवून मध्ये मोकळ्या जागा ठेवायच्या, म्हणजे वणव्यानंतरच्या रानाची नक्कल होते. असे सुमारे एक लाख नव्वद हजार एकर क्षेत्र आळीपाळीने फिरवत ठेवायचे. म्हणजे कोणत्याही वर्षी अडतीस हजार एकर तरी पक्ष्याच्या वयाचे रान तयार असते. त्यासाठी दरवर्षी जवळजवळ अडतीसशे एकर नवी लागवड करावी लागते. ब्रांडिसांच्या वेळचा आवर्तनाचा हिशेबच येथे पक्ष्याच्या कामी आलेला आहे. पक्षी हे रोपवन स्वीकारतो. जळून उगवलेल्या रानात मात्र त्याची दाटी लावलेल्या रानापेक्षा अधिक आढळली आहे. नक्कल आणि अस्सल यांतला फरक त्याला कळतो असे दिसते.

येथे एक इशारा द्यायला हवा. मिशिगनचा हा धडा उचलून सह्याद्रीत आणणे धोक्याचे ठरेल. आपल्या घाटातल्या सदाहरित झाडांच्या बिया आगीची वाट पाहत नाहीत. रानकोंबडी, चकोत्री आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालणारा रातवा यांचा विणीचा काळ बराचसा आपल्या वणव्यांच्याच महिन्यांत येतो आणि आग त्यांची अंडी पिलांसकट घेऊन जाते. कोणत्या रानाला कोणती आग मानवते, किती वर्षांनी आणि कोणत्या महिन्यात, हे त्या त्या रानालाच विचारावे लागते. बोरीत यशस्वी झालेला नियम ब्रह्मदेशात लावताना स्लेडसाहेबांना खटकले होते ते हेच.

कर्टलंडच्या वटवट्याचे नाव १९६७ च्या पहिल्या यादीपासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते काढले गेले. २०२१ च्या मोजणीत २,२४५ जोड्या भरल्या. नाव काढतानाच सरकारने लिहून ठेवले की लागवड चालू राहिली तरच हा पक्षी टिकेल. दरवर्षी वसंतात, बहामाहून पक्षी परतण्याच्या सुमारास, मिशिगनच्या रेतीत मजूर जॅक पाइनची रोपे लावीत असतात. त्यांनी लावलेल्या रोपांत घरटे व्हायला पाचसहा वर्षे जावी लागतात.

२००७ मध्ये मिशिगनच्या बाहेरही, विस्कॉन्सिनमधल्या ॲडम्स परगण्यात, या पक्ष्याची घरटी सापडली. तेथे कोणी त्याच्यासाठी रान राखले नव्हते. ते लाल पाइनचे रोपवन होते, लाकडासाठी लावलेले. लाल पाइनची बरीच रोपे मेली होती आणि मोकळ्या पडलेल्या जागांत जॅक पाइन आपोआप उगवला होता. लागवड करणाऱ्याच्या वहीत तो तुकडा फसलेला म्हणूनच धरला गेला असता. पक्ष्याने त्यातल्याच खालच्या फांद्यांखाली घरटी केली.